रिकाम्या काट्याचं शून्य

काटे दोन प्रकारचे येतात, असं विश्वनाथराव भोईटे सांगतात. एक बिघडलेला आणि दुसरा अधूनमधून बिघडणारा. पहिला ते दुपारच्या जेवणाआधी सरळ करून देतात. दुसऱ्याचं नाव निघालं की चष्मा काढून पुसत बसतात.

इंडस्ट्रियल एरियाच्या फेज दोनमध्ये पत्र्याच्या लांबट शेडमध्ये त्यांचं टेबल आहे. अख्खा ट्रक उभा करून तोलतात ते मोठे काटे दुरुस्त करणं हे त्यांचं काम. त्याआधी अठ्ठावीस वर्षं फौजेत त्यांनी हेच केलं, फक्त तिथे ट्रकऐवजी तोफांच्या दुर्बिणी होत्या, दाबमापकं होती. चंडीमंदिरहून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. फलटणजवळच्या गावी परत जायचं, जायचं म्हणत मोहालीतच राहिले. मुलगा निमिष इथेच वाढला, इथेच नोकरीला लागला, आईवडिलांचं मराठी सगळं समजून हिंदीत उत्तर द्यायला शिकला. शेडचे मालक सोढीजी त्यांना ‘फौजी साब’ म्हणतात आणि अधूनमधून बिघडणारा काटा आला की न बोलता त्यांच्या टेबलावर कागद सरकवतात.

राजपुऱ्याच्या एका पिठाच्या गिरणीतला काटा त्यांनी असाच धरला होता. चार वेळा गेले, चारही वेळा काटा अगदी बरोबर. गिरणीवाला शपथेवर सांगायचा की कधीकधी आकडा चाळीस किलोंनी उडी मारतो. पाचव्या वेळी विश्वनाथराव डबा घेऊन गेले आणि दिवसभर तिथेच बसले. दुपारी अडीचला ऊन भिंतीवरून घसरत वायरींच्या डबीवर आलं, डबी तापली, एक सांधा सुटला आणि आकडा उडाला.

“काटा खोटं बोलत नव्हता,” ते परत आल्यावर सोढीजींना म्हणाले. “हम ही गलत टाइम पे पूछ रहे थे.”

ही गोष्ट त्यांनी शेडमध्ये इतक्यांना सांगितली होती की सोढीजी पहिल्या वाक्यालाच चहा मागवायचे. पण या जानेवारीत, धुक्याच्या एका सकाळी शेडच्या तीन पायऱ्या चढताना त्यांच्या स्वतःच्या छातीत तसंच काही झालं, तेव्हा ती त्यांना आठवली नाही.

कोणीतरी मूठभर वाटाणे ताटात उधळावेत, तसं वाटलं. मग डोळ्यांपुढे धुकं आलं, बाहेरच्या धुक्याहून वेगळं. त्यांनी दाराची चौकट धरली. सोढीजींनी गाडी काढली, कॅन्टोन्मेंटमधलं हॉस्पिटल गाठेपर्यंत सव्वा तास गेला, आणि ईसीजीच्या कागदावर नीटस, शहाण्या मुलाच्या अक्षरासारखी रेघ आली. आठवड्याने पुन्हा तेच. पुन्हा छातीत वाटाणे, पुन्हा कागदावर शहाणी रेघ. तिसऱ्या वेळी मात्र ते हॉस्पिटलातच, औषधांच्या रांगेत उभे होते. नर्सने धरून आत नेलं आणि कागदावर अखेर वेडीवाकडी नक्षी उमटली.

डॉक्टर होत्या लेफ्टनंट कर्नल अक्षरा दामले, पुण्याच्या, चाळिशीच्या आतल्या, दोन वर्षांपूर्वी बदलून इकडे आलेल्या. फौजेच्या रिवाजाप्रमाणे त्या सुभेदाराला ‘साहेब’ म्हणत. आणि फौजेच्याच रिवाजाप्रमाणे विश्वनाथराव त्या आत आल्या की उठून उभे राहत, छातीला वायरी लावलेल्या असल्या तरी.

“बसा, साहेब. वायरी निघतील,” त्या म्हणाल्या. “तुमच्या हृदयाचा ताल मधूनच सुटतो आणि आपला आपणच परत लागतो. रक्त पातळ ठेवणारी एक गोळी आजपासून सुरू. गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ नये म्हणून आहे ती. ताल सुटो न सुटो, ती मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. दुसरी गोळी ताल सांभाळणारी. ती सुरू करण्याआधी दोन आठवडे छातीवर एक छोटं यंत्र चिकटवूया. मुळात किती वेळा होतंय ते कळेल.”

“त्याची काय गरज, मॅडम? चोर पकडला गेलाय. गोळी द्या. शेडमध्ये सहा काटे पडलेत.”

“दोनच आठवडे, साहेब.”

“दहा दिवसांत तीनदा झालंय, मॅडम. आणखी दोन आठवडे नुसतं मोजत बसू?”

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं, आणि दोन्ही गोळ्या लिहून दिल्या.

त्यानंतर तीन आठवडे काहीच झालं नाही. विश्वनाथराव खूश. शेडमध्ये सगळ्यांना सांगू लागले, गोळी म्हणजे गोळी. मार्चमध्ये एकदा झालं, ते जागरणामुळे असेल. एप्रिलमध्ये दोनदा झालं, ते उन्हामुळे. न झालेला प्रत्येक दिवस त्यांनी गोळीच्या नावावर जमा केला आणि झालेला प्रत्येक दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते पत्नी शोभनाताईंना घेऊन तपासणीला गेले. रस्त्याकडेचे बहावे पिवळेधमक झाले होते. खिशात त्यांनी एक कोरा फॉर्म घडी करून आणला होता. जुलैत परवाणूला सफरचंदाचा हंगाम सुरू होतो. शिमल्याच्या वाटेवरचं ते पहिलं गाव. वरच्या बागांमधले ट्रक तिथल्या मंडईत उतरतात. तिथले तीन मोठे काटे गेली नऊ वर्षं विश्वनाथरावच लावून देतात. बागायतदार काटेवाल्याला विचारत नाहीत, काटा बरोबर आहे का. विचारतात, ‘फौजी देख के गया क्या?’ पण काट्याखाली माणसाच्या छातीएवढा खोल खड्डा असतो, त्यात उतरून काम करावं लागतं. घाटात गाडी स्वतः चालवावी लागते. जानेवारीत चक्कर आल्यापासून डॉक्टरांनी दोन्ही बंद केलं होतं. सोढीजी म्हणाले होते, डॉक्टरांची सही आणा, नाहीतर या वर्षी अंबाल्याचा माणूस बोलावतो. अंबाल्याच्या माणसाचं नाव ऐकून विश्वनाथरावांना जेवण गेलं नव्हतं.

“कसं काय, साहेब?” डॉक्टरांनी विचारलं.

“फर्स्ट क्लास, मॅडम.”

“छातीत काही?”

“नाही.”

“चक्कर?”

“नाही, मॅडम.”

डॉक्टर हसल्या. फौजेत महिन्याच्या सभेत मोठे साहेब शेवटी विचारतात तसं त्यांनी विचारलं, “कोई पॉइंट?”

“नो पॉइंट, मॅडम,” विश्वनाथराव पाठ ताठ करून म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी या प्रश्नाला दुसरं उत्तर दिलं नव्हतं. दिलेलं ऐकलंही नव्हतं.

मागच्या खुर्चीवरून शोभनाताईंनी घसा साफ केला.

“आवं, मग गेल्या सोमवारी अर्धा चहा टाकून भिंतीला धरून बसला होता, ते काय होतं?”

“ते उन्हानं.”

“सकाळी सातला?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “वहिनी, तुम्ही जरा पुढे येऊन बसता का?”

त्या दिवशी सही मिळाली नाही. मिळालं ते काडेपेटीएवढं यंत्र, डाव्या बाजूला छातीवर चिकटवलेलं. चौदा दिवस ठेवायचं. मधोमध एक बटण. छातीत काही वाटलं की दाबायचं. सोबत एक पातळ वही. कधी वाटलं, किती वेळ, तेव्हा काय करत होता, हे त्याच वेळी लिहायचं.

“त्याच वेळी, साहेब,” डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

आता इथे विश्वनाथरावांनी जे केलं ते फौजेतला कोणताही जुना माणूस करील. फौजेत यंत्रांची रोजची देखभाल ते रोज करत, डोळ्यांत तेल घालून. पण त्या देखभालीची वही भरली जायची इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी, एका बैठकीत, एका पेनाने. काम चोख आणि वही शेवटच्या दिवशी. यात लबाडी आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. काम झालेलं असेच. चौदाव्या दिवशी, रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर ते वही घेऊन बसले आणि एकेका तारखेसमोर ‘सामान्य’, ‘सामान्य’, ‘सामान्य. काम उत्तम’ असं सुबक अक्षरात लिहीत गेले. बटण त्यांनी एकदाच दाबलं होतं. आठवून आठवून दोन ठिकाणी ‘किंचित धडधड’ असंही लिहिलं, प्रामाणिक माणूस म्हणून.

शोभनाताई भाजी निवडता निवडता बघत होत्या.

“मंगळवारी तुम्हाला काय झालं होतं, ते आज आठवतंय?”

“मंगळवारी काही नव्हतं.”

“मग बुधवारी का लिहिलंय?”

“बुधवार असेल. नाहीतर मंगळवार. एकाच आठवड्यातलं आहे ना?”

“कुणी तुम्हाला काट्याची अशी वही दाखवली असती तर?”

विश्वनाथरावांनी वही मिटली आणि कव्हरावर नाव घातलं.

निमिषचा फोन आला. त्याने वाढदिवसाला दिलेलं घड्याळ नाडी मोजायचं आणि मोबाइलवर कळवायचं.

“पापा, वॉच तो चौदा दिन से एकदम नॉर्मल दिखा रही है. टेन्शन मत लो, यार.”

“अरे, ते घड्याळ चौदा दिवस कपाटात आहे,” शोभनाताई फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या. “सारखं वाजतं म्हणून काढून ठेवलंय त्यांनी. कपाटाची तब्येत चांगली आहे म्हणावं.”

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर तीन कागद आले. एक यंत्राचा. दुसरी विश्वनाथरावांची वही. तिसरं मात्र अनपेक्षित होतं: भोईट्यांच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर, जूनचं पान. दुधाच्या आणि सिलिंडरच्या नोंदींमध्ये शोभनाताईंनी शिसपेन्सिलीने बारीक ठिपके दिले होते. जिना चढताना शीळ घालायचे थांबले, ठिपका. पेपर हातात धरून वाचत नव्हते, ठिपका.

डॉक्टरांनी तिन्ही शेजारी शेजारी मांडले आणि एकेक तारीख जुळवून पाहिली.

“चौदा दिवसांत पाच वेळा ताल सुटलाय,” त्या म्हणाल्या. “सगळं मिळून अकरा तास. सगळ्यात जास्त वेळ सुटला तो साडेचार तास. दुसरा गुरुवार.”

विश्वनाथरावांनी मान पुढे करून वही पाहिली. दुसऱ्या गुरुवारपुढे त्यांच्याच अक्षरात होतं: ‘सामान्य. काम उत्तम.’

“त्या दिवशी मी झिरकपूरला काटा उघडला होता, मॅडम. मला काहीच वाटलं नाही. खरंच.”

“खरंच वाटलं नसणार. गोळीने ठोके हळू झालेत, त्यामुळे ताल सुटला तरी जाणवत नाही. आणि हे बघा, तुम्ही बटण दाबलंत ते शनिवारी. तेव्हा ताल अगदी जागेवर होता. दोनचार ठोके आगाऊ पडले, इतकंच. वहिनींचे सात ठिपके आहेत. त्यातले तीन बरोबर.”

“आणि बाकीचे चार?” शोभनाताईंनी विचारलं.

“या दिवशी काय झालं होतं?”

शोभनाताईंनी तारीख पाहिली. “निमिषशी भांडण झालं होतं फोनवर.”

“मग तो ठिपका निमिषच्या नावावर.”

तिघंही हसले. पण विश्वनाथरावांचं हसू लवकर संपलं.

“म्हणजे गोळी चालत नाही, मॅडम?”

“तेच तर सांगता येत नाही, साहेब.” डॉक्टरांनी खुर्ची जरा पुढे ओढली. “गोळी सुरू केली तेव्हा तुमचे दिवस सगळ्यात वाईट होते. दहा दिवसांत तीनदा. या दुखण्याला लाटा असतात. लाट आपोआपही ओसरते. नंतरचे तीन आठवडे शांत गेले ते गोळीमुळे की लाट ओसरल्यामुळे, मला माहीत नाही. आता अकरा तास दिसतायत. गोळीआधीच्या दोन आठवड्यांत तीस तास असतील तर गोळी चांगली आहे. दहा असतील तर तिचा काही उपयोग नाही. गोळीआधी किती होते?”

गोळीआधी किती होते, हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण मोजू नका असं सांगणारा माणूस समोरच बसला होता.

विश्वनाथरावांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसू लागले. काटा लावताना पहिली गोष्ट कोणती, हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवत. ट्रक चढू द्यायचा नाही. पान, पाणी, पाखरू, काही असेल ते झटकायचं, रिकाम्या काट्याचं शून्य लावायचं, ते स्थिर होऊ द्यायचं. त्यानंतरच वजन. शून्य न लावता घेतलेलं वजन म्हणजे नुसता आकडा.

“माझी चूक, मॅडम,” ते म्हणाले. “शून्य न लावता ट्रक चढवला.”

डॉक्टरांना पहिल्यांदा कळलं नाही. मग विश्वनाथरावांनी समजावून सांगितलं, टेबलावर बोटाने काटा काढून, खड्डा काढून, राजपुऱ्याच्या गिरणीतली दुपारी अडीचची गोष्टही सांगितली. शोभनाताईंनी ती शंभराव्यांदा ऐकली, पण या वेळी त्यांना कंटाळा आला नाही. गोष्ट सांगताना नवरा शेवटच्या वाक्याशी अडखळला, ते त्यांनी पाहिलं.

“मग आज शून्य लावूया,” डॉक्टर म्हणाल्या. “हे अकरा तास, ही आपली सुरुवात. ईसीजी चांगला आला तर गोळी थोडी वाढवू. पुन्हा चौदा दिवस यंत्र, आणि खरी वही. मग दोन्हींची तुलना. त्याने सगळं कळेल असं नाही. पण काहीतरी कळेल.”

“आणि परवाणू?”

“आज सही करता येणार नाही, साहेब.”

विश्वनाथराव उठले, पाठ ताठ केली. कोरा फॉर्म खिशातच राहिला. परतीच्या वाटेवर कॅबच्या काचेवर बहाव्याच्या पाकळ्या येऊन चिकटत होत्या आणि उडून जात होत्या. फेज दहाच्या सिग्नलला त्यांनी सोढीजींना फोन लावला.

“सोढीजी, अंबालेवाले को बोल दीजिए. मेरा पक्का नहीं है.”

“फौजी साब, अभी तो टाइम है...”

“पक्का नहीं है, तो नहीं है. बोल दीजिए.”

शोभनाताईंनी खिडकीबाहेर पाहिलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती. ‘पक्कं नाही’ हे शब्द या माणसाच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदा ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी विश्वनाथरावांनी नवी वही आणली, पट्टी घेऊन रकाने आखले. तारीख. वेळ. काय करत होतो. मनगटावर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट मोजलेली नाडी. आणि शेवटी तीन बारीक रकाने: ‘वाटलं’, ‘वाटलं नाही’, ‘माहीत नाही’. तिसरा रकाना त्यांनी सगळ्यात शेवटी आखला, पेन्सिल थोडा वेळ हवेत धरून. फौजेच्या कुठल्याच फॉर्मवर असा रकाना त्यांनी पाहिला नव्हता. वहीला दोऱ्याने पेन्सिल बांधली, म्हणजे पेन सापडलं नाही असं सांगायला जागा नको.

“तुझे ठिपके मला दाखवायचे नाहीत,” त्यांनी शोभनाताईंना बजावलं. “मी माझी वही दाखवणार नाही. दोन तपासणारे एकमेकांचं बघायला लागले की दोघंही तेच लिहितात.”

“मी कॅलेंडर कुठं लपवू? दूधवाला रोज बघतो त्यात.”

“दूधवाल्याला बघू दे.”

“आणि तुम्ही तिथून पाणी प्यायला जाणार, तेव्हा?”

“डोळे मिटून जाईन.”

चौदा दिवस ते खरोखरच स्वयंपाकघरात कॅलेंडरकडे पाठ करून पाणी प्यायले. वहीत पहिल्या दिवशी सगळ्या खुणा ‘वाटलं नाही’मध्ये होत्या. तिसऱ्या दिवशी एक ‘माहीत नाही’ आली. पाचव्या दिवसापासून त्या वाढू लागल्या, आणि गंमत अशी की त्या वाढल्या तसं त्यांना बरं वाटू लागलं. एके दिवशी शेडमध्ये लोखंडी पट्टीवर हातोडा मारता मारता ते थांबले, वही काढली, वेळ लिहिली. सोढीजींनी विचारलं, “सब ठीक?” नेहमीचं उत्तर ओठांवर आलं होतं. ते गिळून विश्वनाथराव म्हणाले, “पता नहीं. पाच मिनिटं बसतो.” आणि बसले. सोढीजींनी हिंदी-मराठीतला तो गोंधळ समजून घेतला आणि चहा मागवला.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा तीन कागद टेबलावर आले. पाऊस होऊन गेला होता आणि हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्या उघड्या वाळत होत्या.

“तीन वेळा,” डॉक्टर म्हणाल्या. “सगळं मिळून तीन तास दहा मिनिटं.”

शोभनाताईंनी हात जोडले. विश्वनाथराव मात्र कागदावर वाकले.

“अकराचे तीन. पण मॅडम, ही लाट ओसरल्यामुळेही असेल.”

“असेल ना,” डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शिकवलेलं नीट उमगलेल्या विद्यार्थ्याच्या शिक्षकाचा आनंद होता. “म्हणून आपण सप्टेंबरमध्ये पुन्हा मोजणार आहोत. सुधारणा दिसतेय; पक्कं म्हणत नाही. पण एक फरक मात्र मला पक्का दिसतो. गेल्या वेळच्या वहीवरून मला तुमच्याबद्दल काहीच कळत नव्हतं. या वेळी तिन्ही वेळा तुमच्या वहीत खूण आहे. दोनदा ‘वाटलं’, एकदा ‘माहीत नाही’. नाडीचा आकडाही जुळतो. तुम्हाला काही झालं तर आता ते मला कळेल, साहेब.”

मग त्यांनी विचारलं, “कोई पॉइंट?”

विश्वनाथरावांनी खिशातून चिठ्ठी काढली. चष्मा लावला.

“तीन पॉइंट आहेत, मॅडम.”

डॉक्टरांनी पेन उचललं.

“एक. गोळी वाढवल्यापासून सकाळी खाटेवरून उठताना डोकं हलकं होतं. दहा मोजेपर्यंत बसलो की जातं. दोन. अकरा तारखेला छातीत चांगलं वाजत होतं, यंत्र म्हणतं काही नव्हतं. यंत्रावर माझा विश्वास आहे, पण वाजत होतं. तीन...” त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उलगडली. “तीन, भीती वाटते. जिना उतरताना, अंघोळीला दार लावताना. ते कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळलं नाही, म्हणून लिहिलं नाही.”

शोभनाताईंनी खुर्ची नवऱ्याच्या जवळ सरकवली.

डॉक्टरांनी तिन्ही पॉइंट लिहून घेतले. “पहिल्याचा उपाय करते, गोळीची वेळ बदलू आणि रक्तदाब झोपून-उभं राहून दोन्ही बघू. दुसऱ्याचं, तुम्ही म्हणता तसंच, वाजत असणार. आणि तिसऱ्याचं यंत्र माझ्याकडे नाही, साहेब. पण लिहा. तारीख, वेळ घालून. मी वाचीन.”

मग त्यांनी हात पुढे केला. “तो फॉर्म आणलाय की नाही?”

फॉर्म घड्यांवर पिवळा पडला होता. त्यांनी सही केली आणि खाली चार ओळी लिहिल्या. गाडी चालवायची नाही. खड्ड्यात उतरायचं नाही, दुसऱ्याला उतरवून वरून सांगायचं. एकटं जायचं नाही. वही न्यायची.

“एकटं नाही म्हणजे कोण?” व्हरांड्यात विश्वनाथराव पुटपुटले. “निमिषला सुट्टी नाही. सोढीजींच्या माणसाला खड्ड्यातलं सांगू की माझं सांगू?”

“मी येते,” शोभनाताई म्हणाल्या.

“तू? ते कामाचं ठिकाण आहे.”

“आयुष्यभर हेच ऐकलं. राजस्थानात फॅमिली चालत नाही, लडाखमध्ये फॅमिली चालत नाही. परवाणूत कुणाची परवानगी घ्यायची, तेवढं सांगा.”

विश्वनाथरावांनी छत्री उघडली.

अंबाल्याच्या माणसाने दोन काटे लावले होते. तिसरा, मंडईच्या वरच्या फाटकाजवळचा, अधूनमधून आकडा बदलत होता, म्हणून तो त्याने विश्वनाथरावांसाठी सोडला होता. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सोढीजींच्या गाडीतून ते तिथे पोचले. हवेत सफरचंदांचा, ओल्या गवताचा आणि डिझेलचा वास होता. शेडमधला फिटर विनायक खड्ड्यात उतरला. विश्वनाथराव कडेला स्टुलावर बसून वरून सांगत राहिले: डावीकडची डबी, नाही, तिच्या मागची, बोटाने चाचप, ओल लागते का? ओल लागली. घाटातलं पाणी रात्री झिरपायचं, दुपारी वाळायचं. सकाळी येणाऱ्या ट्रकांचं वजन वेगळं, दुपारच्यांचं वेगळं. नऊ वर्षं खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाला वर बसून ते जास्त स्पष्ट दिसलं, आणि याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

डबी कोरडी करून बंद झाली तेव्हा फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागली होती. पहिल्या ड्रायव्हरने हॉर्न दिला.

“बाबूजी, चढा दूँ?”

“रुको. पहले खाली काटा.”

शोभनाताईंनी काट्यावर पडलेला पेंढा पायाने बाजूला सारला. आकडा हलला, दोनवर गेला, परत आला. विश्वनाथराव त्याकडे बघत उभे होते, आणि तेवढ्यात छातीत काहीतरी हललं. वाटाणे नव्हेत. एखाद-दुसरा दाणा. त्यांनी मनगटावर बोट ठेवलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पूर्ण एक मिनिट मोजलं. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. मग त्यांनी खिशातली वही काढली, दोऱ्याला बांधलेल्या पेन्सिलीने दहा चाळीस अशी वेळ लिहिली, नाडी लिहिली, आणि खूण ‘माहीत नाही’च्या रकान्यात केली. तिच्या पुढे, जागा नसताना, बारीक अक्षरात आणखी दोन शब्द लिहिले: ‘भीती नाही.’

काट्याचा आकडा शून्यावर येऊन थांबला होता. त्यांनी हात वर करून ट्रकला खूण केली.